जीवदयेला कायद्याच्या अभ्यासाची जोड

थकून बसलेल्या बैलास एखाद्या गाडीवानाने निर्दयपणे मारहाण केली, किंवा त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादले, तर १९६० च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमानुसार पहिल्या अपराधास होणारा दंड कमीत कमी १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये आहे. तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा घडला, तर दंड २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही. छपाईत कोठे शून्य गळले असावे, असे हे आकडे वाचणाऱ्यास वाटेल. परंतु तसे काही झालेले नाही. संसदेने जे आकडे घातले, तेच कायद्याच्या पुस्तकात आहेत. १९६० साली पन्नास रुपयांत काय काय येत असे, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. रुपयाचे मोल किती उतरले, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको.

हा दंड वाढावा अशी मागणी अनेकदा झाली. २०२२ साली केंद्र सरकारने सुधारणा विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्धही केला. तरीही गाडी तेथेच अडली आहे. याची कारणे अनेक असतील. त्यांतील एका कारणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. कायदा बदलावा म्हणून मसुदा लिहिणारे, आहे तो कायदा न्यायालयात नेटाने वापरणारे, आणि न्यायाधीशाच्या आसनावर बसल्यावर त्याचा अर्थ लावणारे, हे सारे विधी महाविद्यालयांतून बाहेर पडतात. तेथे हा विषय शिकविलाच गेला नसेल, तर तो पुढे आणणार कोण? प्राणिविषयक कायदा हा आपल्या विधी महाविद्यालयांत स्वतंत्र विषय म्हणून शिकविला जावा, आणि ज्या समाजाने गावोगावी पांजरपोळे उभी केली त्या समाजाने या शिक्षणाचाही थोडा भार उचलावा, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

कायद्याचा विद्यार्थी तीन किंवा पाच वर्षे काय शिकतो, ते पाहू. करार, कंपनी, मालमत्ता, कुटुंब, कर, कामगार, फौजदारी व दिवाणी प्रक्रिया, पुरावा आणि राज्यघटना हे विषय त्याला घ्यावेच लागतात. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनी पर्यावरण कायदाही आवश्यक विषयांत घातला आहे. या साऱ्या अभ्यासात प्राणी भेटतो तो वाटेत, आणि बहुधा कोणाची तरी वस्तू म्हणून. मालमत्तेच्या कायद्यात तो जंगम मालमत्ता असतो. शेजाऱ्याच्या पिकात शिरलेल्या जनावराने नुकसान केले, तर भरपाई कोणी द्यावी, या प्रश्नात तो येतो. फौजदारी कायद्यात तो ‘आगळीक’ या प्रकरणात येतो. जुन्या भारतीय दंड संहितेची ४२८ व ४२९ ही कलमे जनावराच्या रुपयांतील किमतीवर बेतलेली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने किमतीची ती अट काढून टाकली, आणि कोणत्याही प्राण्यास ठार मारणे, विष घालणे वा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. सुधारणा मोठी खरी. पण आगळीक या कल्पनेचा पाया मालमत्तेची नासधूस हाच असल्यामुळे, ज्या प्राण्याला धनीच नाही त्याचे काय, हा वाद उरतोच. असा वाद वर्गात कोणी उभा केला, तर त्यास उत्तर देणारा तास वेळापत्रकात बहुधा नसतो.

विषय शिकविण्याइतका कायदा आपल्याकडे आहे काय, अशी शंका कोणी घेईल. कायदा भरपूर आहे. कोलकात्यात प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था १८६१ साली स्थापन झाली. मुंबईत तशी संस्था १८७४ साली आली. ब्रिटिश अमदानीतील कायदा १८९० चा. स्वातंत्र्यानंतर सुप्रसिद्ध नर्तिका आणि राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९५३ साली राज्यसभेत खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतः या विषयात लक्ष घालील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि त्यातूनच १९६० चा अधिनियम जन्मास आला. १९६२ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या अध्यक्षा रुक्मिणीदेवीच होत्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले एक्कावन्न-अ हे कलम त्यानंतरचे. सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. याशिवाय १९६० च्या अधिनियमाखाली जनावरांची वाहतूक, कत्तलखाने, सर्कशीतील प्राणी, भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण, पाळीव प्राण्यांची दुकाने अशा अनेक बाबींवर स्वतंत्र नियमावल्या झाल्या आहेत.

यांतील एक नियमावली अडत बाजारात वा साखर कारखान्याच्या परिसरात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या नित्य पाहण्यातील गोष्टींविषयी आहे. ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली झालेले हे नियम सांगतात, की जनावरास दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक काळ जुंपू नये. विश्रांती दिल्यावाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. आणि जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्यास जुंपूच नये. गाडीच्या प्रकारानुसार किती वजन लादावे याचेही कोष्टक त्यांत आहे. गळीत हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. हळहळलोही असू. परंतु या हळहळीला साठ वर्षांपूर्वीच नियमाचे रूप मिळाले आहे, हे आपल्यापैकी कितींना ठाऊक होते? गाडीवानालाही ते कोणी सांगितलेले नसते. आणि तोही परिस्थितीनेच गाडीला जुंपलेला असतो.

आता पांजरपोळाकडे वळू. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्र्यांना मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी, जैन, हिंदू असे सारे समाज रस्त्यावर आले; त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासमवेत आपल्या व्यापारी पूर्वजांचा त्यात हात होता. तेव्हापासून आजवर चारा, गोठा, औषध यांसाठी आपल्या समाजाने हात आखडता घेतलेला नाही. मात्र आज पांजरपोळाच्या दारात उभी राहणारी अडचण पुष्कळदा चाऱ्याची नसून कायद्याची असते. पोलिसांनी पकडलेल्या वाहनातील जनावरे रात्री-अपरात्री आणून सोडली जातात. न्यायालयाच्या लेखी ती ‘मुद्देमाल’ असतात. खटला लांबतो, खर्च वाढतो. मालक ताबा परत मागण्यासाठी अर्ज करतो. आणि संस्थेच्या बाजूने उभा राहणारा वकील सज्जन असला, तरी या कायद्याशी त्याची पहिली ओळख बहुधा त्याच दिवशी होते.

वस्तुतः अधिनियमाच्या पस्तिसाव्या कलमात पांजरपोळाचा नावाने उल्लेख आहे. क्रौर्यास बळी पडलेले जनावर पांजरपोळात पाठविण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. जनावर तेथे वा प्राण्यांच्या रुग्णालयात नेण्याचा, तसेच रुग्णालयातील देखभालीचा व उपचारांचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो; त्याने तो दिला नाही, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. मालक गरीब असल्यास उपचाराचा आकार माफ करण्याची मुभाही त्याच कलमात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी मुक्या जिवाबरोबर गरीब माणसाचाही विचार केला होता. २०१७ साली झालेल्या नियमांत खटला चालू असताना अशी जनावरे पांजरपोळ वा गोशाळेच्या ताब्यात ठेवण्याची आणि त्यांच्या खर्चासाठी बंधपत्र घेण्याची तरतूद आहे. याउलट, छत्तिसावे कलम सांगते की अपराध घडल्यापासून तीन महिने लोटल्यावर या अधिनियमाखाली खटलाच भरता येत नाही. मारहाणीसारखे बहुतेक अपराध अदखलपात्र आहेत; म्हणजे न्यायालयाच्या आदेशावाचून पोलिसांचे हात बांधलेले. हे ज्याला ठाऊक आहे तो वकील पहिल्या आठवड्यातच कामास लागेल. ज्याला ठाऊक नाही तो सहानुभूती दाखवीत चौथ्या महिन्यात पोचेल. दान दोघांच्याही मागे सारखेच उभे असेल, पण निकालात किती अंतर पडेल, ते पाहावे.

हा विषय शिकविण्याची कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील सेटन हॉल विधी महाविद्यालयात १९७७ साली पहिला असा अभ्यासक्रम शिकविला गेला, असे मानतात. २००० साली तो हार्वर्डमध्ये पोचला, आणि त्यानंतर तेथील पुष्कळ विद्यापीठांनी तो स्वीकारला. आपल्याकडे मनेका गांधी, ओझेर हुसेन आणि राज पंजवानी यांनी भारतातील प्राणिविषयक कायद्यांचे संकलन ग्रंथरूपाने सिद्ध केले. हैदराबाद येथील नालसार विधी विद्यापीठात २०१८ साली प्राणी कायदा केंद्र सुरू झाले. नोकरी-व्यवसाय सांभाळून दूरशिक्षणाने शिकता येईल असा प्राणी-संरक्षण कायद्याचा अभ्यासक्रमही त्या विद्यापीठाने आखला. इतर काही राष्ट्रीय विधी विद्यापीठांत ऐच्छिक विषय, व्याख्यानमाला, निबंधस्पर्धा असे प्रयत्न होतात. पण तालुक्याच्या न्यायालयात उभा राहणारा वकील बहुधा राष्ट्रीय विद्यापीठातून येत नाही. तो सांगली, सोलापूर, लातूर, अकोला येथील महाविद्यालयांतून येतो; आणि बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा यांचे खटले त्याच्याच तालुक्यात उभे राहतात.

म्हणून परदेशचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलून येथे चालणार नाही. तेथील चर्चेत प्रयोगशाळेतील प्राणी, प्रचंड पशुपालन कारखाने, घरातील पाळीव प्राणी यांना मोठे स्थान आहे. आपल्या देशात जनावर हे गरीब कुटुंबाचे भांडवल असते. दुष्काळात दावणीची जोडी विकावी लागलेल्या शेतकऱ्याचे दुःख आणि त्या जोडीचे दुःख येथे एकाच गोठ्यात राहते. म्हणून येथील अभ्यासक्रमात छावणी, जनावरांचा आठवडी बाजार, ऊसवाहतूक, मोकाट कुत्री व रेबीज, जत्रेतील शर्यती, पोल्ट्रीतील पिंजरे, हे सारे आले पाहिजे. पिंजऱ्यांतील कोंबड्यांविषयी भारताच्या विधी आयोगाने २०१७ साली आपला २६९ वा अहवाल सादर केला; दूध-मांसाच्या वादापलीकडे जाऊन प्राण्याच्या जगण्याचा दर्जा कसा तपासावा, याचा तो चांगला धडा आहे. अभ्यास पुस्तकापुरताही राहू नये. विद्यार्थ्याने पशुवैद्याबरोबर अर्धा दिवस बाजारात काढावा, पोलीस ठाण्यात पंचनामा कसा लिहितात ते पाहावे, आणि पांजरपोळाच्या नोंदवह्या वाचाव्यात. महाविद्यालयातील विधी साहाय्य केंद्रात गरिबांचे प्रश्न येतात. तेथेच हेही प्रश्न यावेत.

या सूचनेवर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, जेथे माणसांचेच खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, तेथे जनावरांच्या कायद्याची चैन कशाला? या आक्षेपात कळकळ आहे. परंतु असेच काहीसे एकेकाळी पर्यावरणाविषयीही बोलले जात असे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात आवश्यक करण्याचे निर्देश दिले. आज पर्यावरण कायद्याला कोणी चैन म्हणत नाही, कारण दूषित नदीचे पाणी प्रथम गरिबाच्याच घागरीत येते, हे सर्वांना उमगले आहे. प्राण्यांच्या बाबतीतही तसेच आहे. दाटीवाटीने कोंबलेल्या वाहनातून रोग पसरतो, लस न टोचलेल्या कुत्र्याचा चावा प्रथम झोपडपट्टीतील मुलाला होतो, आणि अतिश्रमाने कोसळलेला बैल गाडीवानाचे वर्ष बुडवितो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्राणिरक्षणाच्या नावाखाली रस्त्यात वाहने अडविणे, चालकास मारहाण करणे, एखाद्या समाजास धमकाविणे, असे प्रकार आपल्या देशात घडले आहेत; मग या विषयाचे शिक्षण त्याच आगीत तेल ओतणार नाही काय? माझे उत्तर असे की, या आगीवरचा उतारा अभ्यासातच आहे. वाहन थांबविण्याचा व जप्तीचा अधिकार कोणाचा, तो कोणत्या पायरीने वापरावयाचा, आणि साध्या नागरिकाने तक्रार नोंदविण्यापुरतेच कोठे थांबावयाचे, हे कायदा स्पष्ट सांगतो. ज्याने तो वाचला आहे तो दंडुका हातात घेणार नाही. मुक्या जिवासाठी माणसास रक्तबंबाळ करणाऱ्याला आपल्या परंपरेने कधी जीवदयेचा उपासक मानलेले नाही.

आपल्या समाजाशी निगडित असा एक निर्णय या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पर्युषण काळात अहमदाबाद महापालिकेने आपले कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवले. त्यास खाटीक व्यावसायिकांनी आव्हान दिले. १४ मार्च २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरविली. आपण त्या निकालाचा आनंद मानला, पण तो वाचला किती जणांनी? त्यात न्यायालयाने व्यवसायाचे स्वातंत्र्य एका पारड्यात घातले आणि एका समाजाच्या भावनांचा आदर दुसऱ्या पारड्यात. निर्बंध थोड्या दिवसांचा असल्याने तो वाजवी ठरला. म्हणजे जो युक्तिवाद नऊ दिवसांना बळ देतो, तोच त्याची मर्यादाही सांगतो. वर्गात हा निकाल शिकविला गेला, तर जैन विद्यार्थ्याला खाटकाची बाजू मांडण्यास सांगावे, आणि खाटकाच्या मुलास महापालिकेची. दोघेही घरी जाताना थोडे अधिक समंजस होऊन जातील.

कायद्याचा अभ्यास आपल्या बाजूचेच बोलेल, असेही मानू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीची आठवण ताजी आहे. तीन दशकांहून अधिक काळ मठाशी, आणि मठाच्या द्वारे सबंध पंचक्रोशीशी, जोडलेली ही हत्तीण जामनगर येथील वनतारा केंद्रात हलवावी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. हत्तिणीस निरोप देताना गावाचे डोळे पाणावले; पुढे हजारो लोक रस्त्यावर उतरले. ते अश्रू खरे होते. परंतु न्यायालयासमोरचा प्रश्न निराळा होता: धार्मिक परंपरेसाठी हत्तीण ठेवण्याचा माणसांचा हक्क, आणि तिच्या जातीच्या प्राण्यास साजेसे जगण्याचा तिचा हक्क, यांत आधी कोणता? १९७२ चा अधिनियम पाळीव हत्तीच्या मालकीविषयी काय म्हणतो, २०२४ च्या नियमांनी हस्तांतराच्या कोणत्या अटी घातल्या, पायांची, नखांची, निवाऱ्याची, साखळीची तपासणी कोणत्या कसोट्यांवर होते, या प्रश्नांची ओळख आपल्या समाजातील फार थोड्यांना होती. निर्णय बरोबर की चूक, यावर वाचकांची मते भिन्न असतील आणि ती असू द्यावीत. पण हे प्रश्न दहा वर्षे आधी आपल्याच घरातील एखाद्या तरुण वकिलाने विश्वस्तांसमोर आदराने मांडले असते, तर हत्तिणीच्या निवाऱ्याची, पशुवैद्याची, सोबतीची व्यवस्था वेळीच विचारात घेता आली असती. त्याच सुमारास दादरच्या कबुतरखान्यावरून झालेल्या वादातही श्रद्धा, आरोग्य आणि पक्ष्यांची भूक हे तिन्ही विषय एकमेकांवर आदळले. तेथेही घोषणा पुष्कळ झाल्या. नीट मांडलेले युक्तिवाद त्या मानाने कमी ऐकू आले.

प्राण्याला हक्क असतो ही कल्पनाच काहींना विचित्र वाटते. व्यापारी कुटुंबांना ती तशी वाटू नये. आपल्या खासगी मर्यादित कंपनीला शरीर नाही, भूक नाही, वेदना नाही. तरी कायदा तिला व्यक्ती मानतो. ती करार करते, कर भरते, दावा लावते. मंदिरातील देवतेलाही आपल्या न्यायालयांनी कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानले आहे. मग ज्याला शरीर आहे, भूक आहे आणि वेदना आहे, त्याच्या वतीने कोणी न्यायालयात उभे राहावे काय, हा प्रश्न हास्यास्पद राहत नाही. २०१४ साली नागराजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना प्राण्यांच्या सन्मानाने जगण्याविषयी फार पुढचे पाऊल टाकले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली, आणि पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१९ साली, प्राणिमात्रास कायदेशीर व्यक्तीचा दर्जा असल्याचे म्हटले. परंतु १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी केलेल्या कायदेशीर दुरुस्त्या वैध ठरविल्या. शर्यती पुन्हा मोकळ्या झाल्या, आणि प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असे मानण्यास घटनापीठ तयार झाले नाही. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. पुढील तीस वर्षांत तो ज्यांच्या हातून सुटेल ते आज विधी महाविद्यालयात बसले आहेत.

आता आपण काय करावे? मोठ्या योजनांची गरज नाही. आपल्या शहरातील विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना दोन-चार जणांनी भेटून विनंती करावी की, या वर्षी निदान वीस तासांचा ऐच्छिक वर्ग घ्यावा; प्राध्यापकांच्या प्रवासाचा व मानधनाचा खर्च आम्ही देऊ. अभ्यासक्रम महाविद्यालयाने ठरवावा. देणगीदाराने त्यात ढवळाढवळ करू नये, अन्यथा शिक्षणाचा प्रचार होतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ आपण पाणपोई बांधतो, ग्रंथालयास कपाट देतो. तसेच अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेसाठी एक फिरता करंडक द्यावा, आणि त्या स्पर्धेचा विषय प्राणिविषयक असावा. पांजरपोळाच्या विश्वस्तांनी दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत कामास बोलवावे आणि न्यायालयीन प्रकरणांची वही त्यांच्याकडून नीट लावून घ्यावी. तसे करताना त्यांनी गोठ्यातील उणिवा दाखविल्या, तर राग मानू नये. अधिनियमाचे तिसरे कलम जनावराच्या सुस्थितीची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते आहे त्या प्रत्येकावर टाकते, आणि त्यात आपणही येतोच.

मराठीत या विषयावर सुबोध पुस्तिका निघावी, हे कामही आपल्या आवाक्यातील आहे. इंग्रजीतील नियम पोलीस पाटलाच्या, गाडीवानाच्या, बाजार समितीच्या कारकुनाच्या वाचनात येणार नाहीत. ओझ्याचे कोष्टक, विश्रांतीचे तास आणि दुपारची बंदी एवढे जरी एका फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून बाजाराच्या आवारात लावले, तरी बराच कायदा शिकविला जाईल. त्या फलकाखाली पाण्याचा हौद आणि सावलीचे छप्पर असले, तर गाडीवानालाही तो नियम आपल्या हिताचा वाटेल.

आणि शेवटी घरातील मुलामुलींविषयी. आपल्या समाजातील तरुण सनदी लेखापाल होतात, कंपनी सचिव होतात, करसल्लागार होतात; कायदा शिकले तरी बहुधा करारमदार आणि करांच्याच बाजूला वळतात. त्यात गैर काही नाही. संसार त्यावरच चालतो. परंतु एखादी नात उद्या म्हणाली, की मला प्राण्यांच्या कायद्यात काम करावयाचे आहे, तर ‘यात मिळकत काय?’ हा प्रश्न क्षणभर आवरावा. पिढ्यानपिढ्या आपण जिवांना खाऊ घातले, कसायाच्या हातून सोडविले, गोठे बांधले. त्यांच्या वतीने न्यायासनासमोर दोन वाक्ये नीट बोलणारे माणूस मात्र अजून फारसे घडविले नाही. तिच्या पहिल्या वर्षाची फी आणि या विषयावरील दोन-तीन ग्रंथ, एवढ्यावर त्या कामास आरंभ करता येईल. यंदाच्या पर्युषणात जीवदयेच्या खात्यावर रक्कम लिहिताना प्रत्येक संघाने आणि प्रत्येक मंदिराच्या विश्वस्तांनी त्याच पानावर ‘विद्यार्थी’ या नावाने एक ओळ जोडावी. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती ओळ दरवर्षी असावी.